नोंद नसलेले प्रयोग

माझी भाची साडेतीन वर्षांची असताना जिना बसून उतरायला लागली. दोन्ही हात मागे टेकायचे, डावा पाय पुढे ताठ धरायचा आणि एकेक पायरी घसरत खाली यायचं. आम्हाला सगळ्यांना तो खेळ वाटला. ती फक्त सकाळीच अशी उतरते आणि दहा वाजले की पळत सुटते, हे ताईच्या ध्यानात आलं तोवर महिना उलटला होता. एका रविवारी न्हाऊ घालताना तिला दिसलं, की डाव्या गुडघ्याची वाटी दिसतच नाही. तिथे सगळं भरून आलंय. दाबलं तरी पोर रडली नाही. 'दुखतं का गं?' विचारलं तर मान हलवून नाही म्हणाली. इतकं लहान मूल दुखणं सांगत नाही. ज्यानं दुखतं ते करायचंच सोडून देतं.

पुढचे अकरा महिने आम्ही काय काय केलं ते सांगते. माझ्या आईनं निर्गुडीच्या पाल्याचा शेक दिला, तिळाचं तेल चोळलं. एका ठिकाणी 'पडली असेल, मुलं सांगत नाहीत' म्हणून पाय तीन आठवडे प्लास्टरमध्ये ठेवला. प्लास्टर कापलं तेव्हा मांडी वाळल्यासारखी बारीक झाली होती आणि गुडघा पुरता सरळ होईना. दुसऱ्या ठिकाणी सांध्याच्या टीबीची शंका आली. हाती पुरावा काही नव्हता, तरी औषधं सुरू झाली आणि सहा महिने चालली. मधे कुणीतरी आणून दिलेल्या पुड्यांनी सूज झपकन उतरली, पोरीचे गाल मात्र फुगले. त्या पुड्यांत स्टेरॉइड असणार, हे नंतरच्या डॉक्टरांनी नुसते गाल बघून सांगितलं. त्याच डॉक्टरांनी 'संधिवात' हा शब्द पहिल्यांदा उच्चारला, तेव्हा माझी आई म्हणाली, "अहो, संधिवात मला आहे. ती चार वर्षांची आहे."

यातल्या कुणाचाही हेतू वाईट नव्हता. शेक देणारा हात मायेचा होता, प्लास्टर घालणारे डॉक्टरही मनापासून सांगत होते. पण त्या अकरा महिन्यांत माझ्या भाचीवर चार प्रयोग झाले. त्यांना प्रयोग कुणी म्हटलं नाही. किती दिवसांत फरक पडला नाही तर थांबायचं, हे आधी कुणी ठरवलं नव्हतं. काय झालं ते कुठे लिहून ठेवलं नाही, त्यामुळे तिच्यामागून आलेल्या मुलाला त्यातलं काहीच मिळालं नाही. 'लहान मुलांवर कसले प्रयोग करता?' हे वाक्य आपल्याकडे दयेपोटी बोललं जातं. मुलांच्या संधिवाताचा सव्वाशे वर्षांचा इतिहास वाचत गेले तसं ते वाक्य मला निर्दय वाटायला लागलं. मुलांवर प्रयोग होतच असतात. ते मर्यादा आखून, नोंद ठेवून, उजेडात होतात की अंधारात, एवढंच आपल्या हातात आहे.

या आजाराची पहिली नीट नोंद लंडनमध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या मुलांच्या रुग्णालयात झाली. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल हे तिथले तिशीही न गाठलेले डॉक्टर. १८९७ साली त्यांनी सांधे सुजलेल्या २२ मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांनी केलं ते एवढंच, की मुलांकडे मुलं म्हणून पाहिलं. काही मुलांत सांध्यांबरोबर काखेतल्या, मानेतल्या गाठी वाढलेल्या असतात, पानथरी वाढलेली असते, ताप येतो. हे मोठ्यांच्या संधिवातात असं दिसत नाही, तेव्हा हा आजार निराळा मानला पाहिजे, असं त्यांनी लिहिलं. आज त्याला 'ज्युव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस' म्हणतात, थोडक्यात जेआयए. इडिओपॅथिक म्हणजे ज्याचं कारण कळलेलं नाही असा. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आत सुरू झालेली, सहा आठवडे तरी टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली सांध्याची सूज, ही त्याची व्याख्या. त्याचे सात प्रकार मानतात. हे एक नाव आणि हे सात प्रकार ठरायला शंभर वर्षं जावी लागली. तोवर अमेरिकेत एक नाव, युरोपात दुसरं, आणि इकडच्या अभ्यासाला तिकडचा अभ्यास जोडता येत नव्हता.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हे या आजाराइतकं उघड दुसरीकडे क्वचितच दिसत असेल. मोठ्या माणसाचा गुडघा सुजला तर तो झिजतो. लहान मुलाचा गुडघा सुजला तर तिथे रक्त जास्त खेळतं आणि त्या बाजूचं हाड भराभर वाढतं. माझ्या भाचीचा आजारी पाय निरोगी पायापेक्षा लांब झाला. आजही तिच्या उजव्या चपलेला चांभाराकडून जाड तळ लावून घ्यावा लागतो. जबड्याच्या सांध्यात हाच दाह झाला तर उलटं घडतं, हनुवटी खुजी राहते. म्हणून या आजारात वेळ मोजायची रीतच वेगळी पाहिजे. मोठ्यांच्या आयुष्यातलं एक वाया गेलेलं वर्ष भरून काढता येतं. चार वर्षांच्या मुलीच्या हाडांना ते वर्ष परत मिळत नाही.

१९४७ साली इंग्लंडमध्ये टॅप्लो इथे, कॅनेडियन रेड क्रॉसनं बांधलेल्या रुग्णालयात, मुलांच्या संधिवातासाठी एक खास विभाग सुरू झाला. तो मुळात ऱ्हुमॅटिक फीव्हरसाठी होता. घशातल्या जंतुसंसर्गानंतर सांधे धरणारा आणि हृदयाच्या झडपा खराब करून जाणारा हा ताप त्या काळी तिकडच्या गरीब वस्त्यांत घरोघरी होता. पेनिसिलिन आलं, राहणी सुधारली, तसे त्या विभागातले पलंग रिकामे होत गेले आणि त्यांवर जेआयएची मुलं आली. एरिक बायवॉटर्स आणि बार्बरा अ‍ॅन्सेल यांनी तिथे वर्षानुवर्षं त्याच मुलांच्या मागे राहून नोंदी ठेवल्या. हाती औषध म्हणाल तर अ‍ॅस्पिरिन, सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं, आणि नवं आलेलं कॉर्टिझोन.

कॉर्टिझोनची गोष्ट मला फार शिकवणारी वाटते. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी ते संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा दिलं, आणि अंथरुणाला खिळलेली बाई चालायला लागली. दोनच वर्षांत त्याला नोबेल मिळालं. मुलांनाही ते मिळायला लागलं, आणि मुलं खरोखर उठून उभी राहिली. मग पालकांच्या लक्षात आलं, की मूल बरं दिसतंय पण गेल्या वर्षीचा फ्रॉक अजून होतोय. कॉर्टिझोन हे स्टेरॉइडच, आणि त्यानं उंची थांबवली होती. हाडं ठिसूळ झाली, डोळ्यांत मोतीबिंदू आले. मोठ्यांवर तपासलेलं औषध मुलांना अंदाजानं दिलं, की काय होतं, ते एका पिढीच्या अंगावर लिहिलं गेलं.

यानंतर जगानं मुलांवर नीट अभ्यास करायला हवे होते. झालं उलटंच. १९६० नंतर औषधांचे कायदे कडक झाले, प्रत्येक औषध गुणकारी आणि निर्धोक असल्याचं सिद्ध करणं बंधनकारक झालं, आणि कंपन्यांनी मोठ्यांवर ते सिद्ध करून वेष्टनावर 'मुलांसाठी नाही' एवढं छापून मोकळं व्हायचं ठरवलं. हॅरी शर्की या अमेरिकन बालरोगतज्ज्ञानं या मुलांना औषधांच्या जगातली अनाथ म्हटलं होतं. वेष्टनावर काहीही छापलं तरी आजारी मूल समोर बसलेलंच असतं. मग डॉक्टर गोळीचे चार तुकडे करतात, एक देतात. किती द्यायची, कुणी सांगितलेलं नाही. हा पुन्हा नोंद नसलेला प्रयोग.

या अंधारात पहिला मोठा दिवा लागला तो फार अनपेक्षित ठिकाणी. हा आजार हजारात एखाद्या मुलाला, म्हणजे एका रुग्णालयाकडे अभ्यासापुरती मुलं कधीच जमत नाहीत. म्हणून अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी १९७०च्या दशकात एक गट केला आणि पुढे चक्क सोव्हिएत रशियातल्या डॉक्टरांशी हातमिळवणी केली. शीतयुद्ध ऐन भरात होतं. त्या काळात दोन्हीकडची मुलं एकाच तक्त्यात बसली. १९८६ साली त्यांचा पहिला निकाल आला. पेनिसिलामिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही दोन औषधं डॉक्टर तेव्हा भरवशानं देत होते. १६२ मुलांवर वर्षभर पाहिल्यावर दिसलं, की औषध नसलेल्या गोळीपेक्षा त्यांचा ठळक असा फायदा नाही. निराश करणाऱ्या या निकालाला मी मोठं यश मानते. असे अभ्यास झाले नसते तर ती औषधं, त्यांच्या सगळ्या त्रासासकट, मुलांच्या पोटात आणखी वीस वर्षं जात राहिली असती.

मग १९९२ साली मेथोट्रेक्सेटचा अभ्यास आला. या औषधाशी आपलं नातं आहे. भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत फॉलिक अ‍ॅसिडवर काम करत होते. त्यांच्या गटानं फॉलिक अ‍ॅसिडला अडवणारी जी संयुगं केली त्यांतलं हे एक. आधी ते रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना दिलं गेलं. सांध्यांसाठी त्याचा अगदी थोडा डोस, तोही आठवड्यातून एकदाच, पुरतो का हे पाहायचं होतं. १२७ मुलं घेतली, दुसऱ्या औषधांना दाद न दिलेली. त्यांचे तीन गट केले. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १० मिलिग्रॅम, ५ मिलिग्रॅम आणि औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळतंय ते डॉक्टरलाही ठाऊक नव्हतं, आईलाही नव्हतं. सहा महिन्यांनी पाहिलं. दहाच्या गटात ६३ टक्के मुलं सुधारली. पाचच्या गटात ३२ टक्के. आणि नुसत्या गोळीच्या गटात ३६ टक्के.

हे तीन आकडे मी कितीदा वाचले असतील! पहिली गोष्ट, पाच आणि काहीच नाही यांत फरक नाही. समजा एखाद्या प्रेमळ डॉक्टरानं 'लहान मूल आहे, जपून निम्माच देऊ' म्हणून पाच दिलं असतं, तर त्याचा अनुभव काय झाला असता? औषध चालत नाही, असा. जपून दिलेल्या निम्म्या डोसानं औषधाचा त्रास पदरात टाकला असता आणि गुण दिला नसता. त्या काळजीपोटी एक चांगलं औषध कायमचं बाजूला पडलं असतं.

दुसरी गोष्ट त्या ३६ टक्क्यांची. आपल्याकडे 'गुण आला' हा शब्द फार जपून वापरला पाहिजे असं मला ते वाचल्यापासून वाटतं. हा आजार भरती-ओहोटीसारखा चालतो. सूज फार वाढली की माणसं काहीतरी नवं करतात, आणि सूज फार वाढली की ती बऱ्याचदा आपण होऊनही उतरते. म्हणून काढ्यानं गुण येतो, तांब्याच्या कड्यानं येतो, अंगाऱ्यानं येतो आणि एखाद्या निरुपयोगी इंग्रजी औषधानंही येतो. जिथे तिघांतल्या एका मुलाला औषध नसलेल्या गोळीवरही सहा महिन्यांत बरं वाटतं, तिथे एखाद्या शेजारणीचा अनुभव कितीही खरा असला तरी तो पुरावा होत नाही. ती खोटं बोलत नाही. तिचं मूल त्या तिसऱ्या हिश्श्यातलं होतं. आणि ज्यांना गुण आला नाही त्या दोन आया गप्प बसतात, म्हणून गावभर बातमी फक्त गुणाचीच पसरते.

मेथोट्रेक्सेटची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण मी ती घरात पाहिली. शनिवारी रात्री ती पिवळी गोळी असायची. रविवारी मळमळ. चार-पाच महिन्यांत असं झालं, की शनिवारी दुपारपासूनच भाचीच्या पोटात ढवळायचं, गोळी डबीतून काढायच्या आधी उलटी व्हायची. मग तिनं वरण सोडलं. का, ते कळेना. एक दिवस ताट पुढे सारत म्हणाली, "ते पिवळं आहे." ताईनं पुढे कित्येक महिने वरणात हळद घातली नाही. या आजाराचे अभ्यास करणाऱ्यांनी १९९७ साली सुधारणा मोजायच्या सहा कसोट्या ठरवल्या: सुजलेले सांधे किती, न वळणारे किती, रक्तातला ईएसआर किती, डॉक्टरांचं मत, मुलाला रोजची कामं किती जमतात, आणि आईवडिलांचं मत. आईचं मत रक्ततपासणीच्या मांडीला मांडी लावून बसलं, याचा मला फार आनंद वाटतो. पण बिनहळदीचं वरण त्या सहांत नाही. ते मोजलं जात नाही तोवर अभ्यास अपुरा राहील.

पुढचा टप्पा बायोलॉजिक औषधांचा. सांध्यात आग लावणारे काही निरोपे शरीर स्वतःच तयार करतं. टीएनएफ हा त्यातला एक. त्याला अडवणारं इटॅनरसेप्ट १९९८ साली अमेरिकेत मोठ्यांसाठी मंजूर झालं आणि लगेच १९९९ साली मुलांसाठी. हा वेग आधीच्या पन्नास वर्षांत कधी दिसला नव्हता. त्यामागे ज्या अभ्यासाची आखणी होती ती मला न्यायाच्या दृष्टीनं सुंदर वाटते. आजारी मुलाला महिनोन्‌महिने औषध नसलेलं इंजेक्शन कसं द्यायचं, हा प्रश्न खराच होता. म्हणून आधी सगळ्या ६९ मुलांना तीन महिने खरं औषध दिलं. त्यातली ५१ सुधारली. मग त्या ५१ जणांपैकी चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून २५ जणांचं औषध चालू ठेवलं आणि २६ जणांना खोटं इंजेक्शन दिलं. ज्याचा आजार उलटेल त्यानं त्या क्षणी बाहेर पडून पुन्हा खरं औषध घ्यायचं. खोट्या इंजेक्शनवरच्या २६ पैकी २१ मुलांचा आजार उलटला, खऱ्यावरच्या २५ पैकी ७ जणांचा. कुठल्याही मुलाला गरजेपेक्षा जास्त दिवस दुखणं सोसावं लागू नये आणि तरी उत्तर स्पष्ट मिळावं, अशी ती रचना. मुलांवर प्रयोग म्हणजे क्रूरपणा असं ज्यांना वाटतं त्यांनी ही आखणी एकदा शांतपणे वाचावी.

असंच दुसरं उदाहरण डोळ्यांचं. या आजारात काही मुलांच्या डोळ्यांत आतून दाह होतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही, आणि एक दिवस शाळेत फळ्यावरचं दिसत नाही. म्हणून भाचीला दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पपुढे हनुवटी टेकवून बसावं लागतं. इंग्लंडमध्ये अशा ९० मुलांवर एक अभ्यास झाला, त्याचा निकाल २०१७ साली आला. सगळ्यांना मेथोट्रेक्सेट चालूच होतं. साठ जणांना जोडीला अ‍ॅडॅलिमुमॅब हे टीएनएफ अडवणारं दुसरं औषध दिलं, तीस जणांना नाही. जोडीच्या औषधावर २७ टक्के मुलांत उपचार फसला, नुसत्या मेथोट्रेक्सेटवर ६० टक्के. देखरेख करणाऱ्या समितीनं मधेच आकडे पाहिले आणि अभ्यास ठरल्याआधीच थांबवला, कारण उत्तर मिळाल्यावर आणखी मुलांना खोटं इंजेक्शन देत राहणं अन्यायाचं झालं असतं. आमच्या चार प्रयोगांना थांबवायला अशी समिती कुठे होती?

ताप येणारा जो प्रकार स्टिल यांनी पाहिला, त्याचं कोडं आणखी वेगळं निघालं. संध्याकाळी चढणारा ताप, त्याच्याबरोबर उमटणारा आणि उतरला की मावळणारा गुलाबी पुरळ. टीएनएफ अडवून या मुलांना फारसा फायदा होत नव्हता. डॅलसमध्ये व्हर्जिनिया पास्कुआल यांनी या मुलांच्या रक्तातला द्रव घेऊन निरोगी माणसांच्या पेशींवर घातला, तर इंटरल्युकिन-१ नावाच्या निरोप्याची यंत्रणा जागी झालेली दिसली. त्याला अडवणारं औषध नऊ मुलांना दिलं. सात जणांची लक्षणं पार गेली. हे २००५ साली प्रसिद्ध झालं. पुढे इंटरल्युकिन-६ अडवणाऱ्या टोसिलिझुमॅबनंही मोठ्या अभ्यासात तसंच यश दिलं. यशाची ही बाजू. गेल्या दहा-पंधरा वर्षांत याच प्रकारच्या काही मुलांमध्ये फुप्फुसाचा एक गंभीर विकार दिसू लागला आहे, आणि तो आजाराचा भाग की औषधांचा परिणाम, यावर तज्ज्ञांत वाद चालू आहे. तो वाद होऊ शकतो, कारण नोंदी आहेत. नोंदी नसत्या तर ती मुलं एकेका गावात एकेकटी 'न्यूमोनिया' म्हणून गेली असती.

आता घरच्या प्रश्नाकडे येते. मुलांवरच्या चाचण्यांबद्दल आपल्याकडे जो संशय आहे, त्याला कारण आहे. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात खम्मम आणि गुजरातेत वडोदरा इथे मुलींना एचपीव्ही लस देण्याचा एक अभ्यास २०१० साली थांबवावा लागला. वसतिगृहांतल्या कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या सापडल्या होत्या. ही चीड रास्त होती. पण त्या चिडीतून निघायला हवं होतं ते नियम कडक करणं, आणि ते पुढे झालंही. २०१९च्या नियमांनुसार पालकांची लेखी संमती तर लागतेच, शिवाय समजत्या वयाच्या मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. 'आमच्या मुलांवर काहीच नको' असं म्हणून जर आपण दार लावलं, तर दुसऱ्या देशातल्या मुलांवर काढलेली उत्तरं आपल्या मुलांना उसनी घ्यावी लागतात, आणि ती अंगाला बसतीलच असं नाही.

ती कुठे बसत नाहीत, ते दिसतंच. टीएनएफ हा सांध्यात आग लावतो, पण टीबीच्या जंतूला शरीरात कोंडून ठेवणारा पहारेकरीही तोच आहे. त्याला अडवलं की झोपलेला टीबी उठू शकतो. युरोपातल्या मुलांच्या अभ्यासात हा प्रश्न छोटा, आपल्याकडे मोठा. दुसरं, पाश्चात्त्य पुस्तकात लहान मुलींचा एका-दोन सांध्यांचा प्रकार पहिल्या पानावर असतो. आपल्याकडच्या दवाखान्यांत शाळकरी मुलग्यांचा टाच, घोटा आणि खुबा धरणारा प्रकार पुष्कळ दिसतो. बारा वर्षांचा मुलगा 'टाच दुखते' म्हणाला तर आपण त्याला नवे बूट घेऊन देतो.

गरीब देशात असं संशोधन परवडत नाही, हे म्हणणं मला पटत नाही. युगांडात ऱ्हुमॅटिक फीव्हरनं हृदयाची झडप नुकती बिघडायला लागलेल्या, पण अजून त्रास नसलेल्या ८१८ मुलांवर एक अभ्यास झाला, २०२२ साली प्रसिद्ध झाला. औषध साधं पेनिसिलिन, चार आठवड्यांनी एक इंजेक्शन. दोन वर्षांत इंजेक्शन न मिळालेल्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा आजार वाढला, मिळालेल्यांपैकी ०.८ टक्के. टॅप्लोचे पलंग रिकामे झाल्यावर श्रीमंत जगाला हा प्रश्न विचारायची गरज उरली नव्हती. ज्यांच्या मुलांना तो आजार होता त्यांच्यात जाऊनच तो विचारावा लागला.

आपल्यापाशी काय नाही? अ‍ॅडॅलिमुमॅबची जगातली पहिली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती, आवृत्ती अहमदाबादच्या झायडस कॅडिलानं २०१४ साली बाजारात आणली. शाळा-अंगणवाडीत जाऊन मुलं तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमध्ये सुरू झाला. त्याच्या तीस आजारांच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयविकार आहे, मुलांचा संधिवात नाही. मुलाला मांडी घालून बसता येतं का, मूठ पुरती मिटते का, हनुवटी छातीला लागते का, हे पाहायला दोन मिनिटं पुरतात. यादीत ती एक ओळ घालावी आणि तपासनीसांना या दोन मिनिटांचं शिक्षण द्यावं, ही माझी मागणी आहे.

आणि एक मोठा अभ्यास आपल्याकडे रोज होतोच आहे, फक्त कुणी लिहून घेत नाही. ओपीडीच्या बाकावर बसून मी तो ऐकला. एक बाप सांगत होता, दोन आठवड्यांनी द्यायचं इंजेक्शन ते चार आठवड्यांनी देतात. गाईच्या दुधाचे पैसे महिन्यानं येतात. त्याच्या शेजारची बाई म्हणाली, आम्ही सहा आठवड्यांवर नेलंय आणि पोरगी ठीक आहे. तिसरीनं तसंच केलं होतं, तिच्या मुलाचा गुडघा पुन्हा सुजला होता. औषध किती कमी केलं तरी पुरतं, कुठल्या मुलात ते थांबवता येतं, हे आज जगभरच्या तज्ज्ञांपुढचे मोठे प्रश्न आहेत. श्रीमंत देशांत ते विचारायला औषध मुद्दाम कमी करावं लागतं. आमच्याकडे गरिबी ते कमी करते. त्या बाकावर तीन उत्तरं बसली होती. त्यांची नावं नंबर लावण्यापुरती वहीत होती. इंजेक्शन किती दिवसांनी घेता, हा रकानाच त्या वहीत नव्हता. प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयात मुलांच्या संधिवाताची एक नोंदवही, सगळीकडे सारखे रकाने, वर्षातून एकदा एकत्र जुळवायची, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. त्याला ना नवी इमारत लागते, ना परदेशी यंत्र.

भाची आता आठ वर्षांची आहे. गेल्या खेपेला डॉक्टर ताईला म्हणाले, की नेहमीच्या रक्ततपासणीबरोबर एक जादा नळी अभ्यासासाठी ठेवून घेऊ का, नको म्हणालात तरी उपचारांत काही फरक पडणार नाही. ताईनं कागद वाचला, मला दिला, मी वाचला, तिनं सही केली. मग डॉक्टरांनी खुर्ची सरकवून भाचीसमोर घेतली आणि तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिनं विचारलं, "किती घेणार?" त्यांनी रिकामी नळी तिच्या हातात दिली. तिनं ती उजेडाकडे धरून पाहिली, बोटानं खूण करून विचारलं, "इथपर्यंत?" ते हो म्हणाले. "आणि त्याचं काय करणार?"

"तुझ्यासारखा गुडघा असलेल्या मुलांच्या रक्तात काय असतं ते बघणार."

तिनं थोडा वेळ विचार केला. मग बाही वर सारत म्हणाली, "डाव्या हाताचं घ्या. उजव्यानं मला चित्र काढायचंय."